झाकली मूठ उघडा : विजेवरच्या जुन्या गाड्यांबद्दल एक खुलं पत्र

विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या, चार्जिंगची केंद्रं चालवणारे आणि जुन्या गाड्यांचा व्यापार करणारे, यांस,

स. न. वि. वि.

विजेवरची जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात खात्रीचं म्हणावं असं एकच साधन होतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल लावायचा, फोनवर अ‍ॅप उघडायचं आणि सेलचं व्होल्टेज, बॅटरीचं तापमान आणि एसओएच, म्हणजे मूळच्या तुलनेत बॅटरीची उरलेली क्षमता, वाचून घ्यायची. काही मॉडेलांत आता या पोर्टमागे तुम्ही कुलूप घातलंत. कारण सांगता सायबर सुरक्षेचं. बाहेरून कुणी गाडीला आज्ञा देऊ नये म्हणून कुलूप हवंच, त्यात वाद नाही. पण आज्ञा देणं वेगळं आणि नुसतं वाचणं वेगळं. वाचायलाही बंदी म्हणजे चोराच्या भीतीनं घराला खिडक्याच न ठेवण्यातला प्रकार झाला.

हे पत्र लिहिणारे आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे मालक. आमच्यातले काही जण गाड्या तपासून देतात, काही दुरुस्त करतात, बाकीचे नुसतेच चालवतात. तुमच्या जाहिराती आमच्यासाठी नसतात. वॉरंटीतली बारीक अक्षरं मात्र आमच्यासाठीच असतात. तरीही एक हिशेब तुम्ही विसरता. पहिला मालक नवी गाडी घेतो तो जुनी कुणीतरी घेईल या भरवशावर. तो घेणारा म्हणजे आम्ही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार बॅटरीच्या आकड्याची. गाडीतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, सेलच्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज सतत मोजते, आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजते, पॅकमध्ये, म्हणजे सगळे सेल असलेल्या पेटीत, ठिकठिकाणी बसवलेले तापमानाचे सेन्सर वाचते. किती वेळा जलद चार्जिंग झालं, बॅटरी किती तापली, याच्या नोंदीही अनेक गाड्या ठेवतात. यातलं घेणाऱ्याला काय दिसतं? पडद्यावरचे किलोमीटर. आणि हे किलोमीटर म्हणजे निव्वळ अंदाज असतो. आधीच्या काही फेऱ्यांत गाडीनं किलोमीटरमागे किती वीज खाल्ली त्यावर तो बांधलेला असतो. गाडी दोन दिवस गर्दीत सावकाश फिरवली की आकडा फुगतो. महामार्गावर दामटली, हीटर लावला की आकसतो. बॅटरी तीच. जुन्या गाडीच्या जाहिरातीत शंभर टक्के चार्ज आणि त्याखालचे किलोमीटर यांचा फोटो पुरावा म्हणून छापतात, तो पुरावा नव्हे.

निसान लीफनं 2010 पासूनच बॅटरीच्या क्षमतेसाठी वेगळे 12 बार दाखवले, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण तिथंही पहिला बार जातो तो साधारण 15 टक्के क्षमता गेल्यावर, पुढचे मात्र सव्वासहा टक्क्यांना एक. म्हणजे 12 बार दाखवणारी गाडी 100 टक्क्यांची असू शकते आणि 86 टक्क्यांचीही. वर बीएमएसच्या नोंदी पुसून बार काही काळ पूर्ण दाखवण्याची युक्ती बाजारात फिरली ती निराळीच. ढोबळ बार म्हणजे अर्धीच उघडलेली मूठ. आम्हाला टक्के हवेत.

कुलूप घातलेल्या गाडीत मग घेणारा काय करतो? हिशेब. वापरता येणारी क्षमता मुळात 60 युनिट आहे असं धरा. एसी, म्हणजे घरच्यासारखी वीज देणाऱ्या संथ चार्जरवर 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत चार्ज केली आणि मीटरवर 36 युनिट पडले. त्या एसी विजेची डीसी करून बॅटरीला देणाऱ्या, गाडीतल्या ऑन-बोर्ड चार्जरच्या उष्णतेत आणि पंप-संगणकांच्या खटपटीत 10 टक्के गेले असं मानलं, तर बॅटरीत पोचले 32.4. हे झालं 60 टक्क्यांचं माप, म्हणजे अख्खी बॅटरी 54 युनिटची, मूळच्या 90 टक्के. वाचायला छान वाटतं. पण तो 10 टक्क्यांचा आकडा कुणी सांगितला? घट 8 टक्के असेल तर उत्तर येतं 92, आणि 14 टक्के असेल तर 86. चार्जिंग जितकं संथ तितकी घट जास्त, कारण गाडी जागी राहण्यासाठी लागणारी वीज तेवढीच लागते, फक्त जास्त तास. शिवाय 7 किलोवॅटच्या चार्जरवर या तपासणीला पाच तास लागतात. पाच तास दुसऱ्याच्या दारात बसायचं आणि शेवटी हातात यायची सहा टक्क्यांची धूसर पट्टी. तेच गाडीच्या पोटात नेमका आकडा पडून आहे.

एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट रसायनाच्या बॅटरीत हे आणखी बिकट. तिचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं; 40 टक्के असो वा 70, सेल 3.3 व्होल्टच्या आसपासच दिसतो. त्यामुळे बीएमएसचा हिशेब हळूहळू घसरत जातो आणि तो जाग्यावर आणायला अधूनमधून 100 टक्के चार्ज करावं लागतं. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी रोज 80 टक्क्यांवर थांबवलेली बरी, एलएफपी मात्र मधूनमधून काठोकाठ भरायला हवी. हे पुस्तिकेत असतं. पण जुनी गाडी हातात येते तेव्हा पुस्तिका गहाळ असते आणि आत कोणती बॅटरी आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत रसायन बदललेलं असतं आणि वरून गाडी हुबेहूब तशीच! कमकुवत सेल शोधायचा तर एलएफपीत व्होल्टेजमधला फरक दोन्ही टोकांना बघावा लागतो, 10-15 टक्क्यांच्या खाली आणि 95 च्या वर. मध्यावर सगळे सेल गुणी दिसतात. एनएमसीत चार्ज उतरलेला असताना गाडी जोरात पळवून बघावं. एखादा गट बाकीच्यांपेक्षा झपकन खाली जात असेल तर गाडी त्याच गटाच्या हिशेबानं बंद पडणार, बाकीचे सेल कितीही धडधाकट असोत.

हे सगळं उघड करणं अशक्य आहे म्हणावं तर तसंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत 2022 साली जागतिक तांत्रिक नियम क्रमांक 22 मंजूर झाला. पाच वर्षं किंवा 1,00,000 किलोमीटरला किमान 80 टक्के आणि आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरला किमान 70 टक्के क्षमता टिकली पाहिजे, आणि उरलेली क्षमता ग्राहकाला दिसली पाहिजे, असं तो म्हणतो. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमात 18 फेब्रुवारी 2027 पासून विजेवरच्या प्रत्येक नव्या गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिची माहिती देणारी ऑनलाइन नोंद, सक्तीची आहे. कॅलिफोर्नियानं 2022 साली, 2026 मॉडेलपासून बॅटरीचं आरोग्य चालकाला दाखवावं असा नियम केला. जिथं कायदा आहे तिथं तुम्ही हा आकडा दाखवणारच आहात. मग इतरत्र, आणि आधी विकलेल्या गाड्यांत, तो का लपवायचा? सेन्सर आहेत, हिशेब होतो आहे, पडदाही आहे. राहिली आहे ती मेनूतली एक ओळ.

वॉरंटीचं घोडं इथंच अडतं. क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, असं तुम्ही लिहिता. मोजायचं कुणी? तुमच्याच वर्कशॉपनं, तुमच्याच उपकरणानं, किती तापमानाला आणि कुठल्या पद्धतीनं ते न सांगता. 71 टक्के आले की गिऱ्हाइकानं घरी जायचं. काही कंपन्या तर पहिल्या मालकाला एक वॉरंटी देतात आणि दुसऱ्याला तीच कापून देतात. बॅटरीला मालक बदललेला कळत नाही हो.

रिकॉलचंही तसंच. शेव्रोले बोल्टच्या बॅटरीत अ‍ॅनोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर असे दोन दोष एकाच सेलमध्ये सापडले आणि ऑगस्ट 2021 मध्ये तोवरच्या सगळ्या बोल्ट परत बोलावल्या गेल्या. काहींना नवी बॅटरी मिळाली, तर नंतरच्या बऱ्याच गाड्यांत आधी सॉफ्टवेअरनं चार्ज 80 टक्क्यांवर अडवून सुमारे 10,000 किलोमीटर निरीक्षण ठेवलं गेलं. अशी गाडी बाजारात आली तर घेणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरं हवीत : बॅटरी बदलली का, कधी बदलली आणि अजून मर्यादा लागू आहे का. चासी क्रमांक टाकला की बहुतेक ठिकाणी एवढंच कळतं की रिकॉल 'पूर्ण' आहे. पूर्ण म्हणजे काय, ते नाही. नवी बॅटरी बसलेली जुनी गाडी हा खरं तर चांगला सौदा. तोही या गुप्ततेपायी मातीमोल होतो.

आता चार्जिंगवाल्यांकडे वळतो. तुमच्या अ‍ॅपवर चार्जर हिरवा दिसतो, तिथं पोचल्यावर मात्र मेलेला असतो. असं का होतं हे तुम्हाला माहीत आहे, वाचकांसाठी सांगतो. चार्जर आणि तुमचा सर्व्हर यांच्यात ओसीपीपी नावाच्या भाषेत बोलणं चालतं. चार्जर ठरावीक वेळानं 'मी आहे' एवढं कळवतो आणि गन, म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं तोंड, रिकामी असेल तर 'उपलब्ध' म्हणतो. गनची खिटी तुटली आहे, केबल कुणी तांब्यासाठी कापून नेली आहे, पडदा फुटला आहे, दारासमोर कुणी ट्रक लावला आहे, यातलं काहीही त्याला दिसेलच असं नाही. आतल्या मॉड्यूलांचंही, म्हणजे वीज पुरवणाऱ्या सुट्या भागांचंही, तसंच. 60 किलोवॅटच्या यंत्रात 30 ची दोन मॉड्यूलं असतील आणि एक जळालं असेल तर यंत्र 30 देतं आणि अ‍ॅपवर 60 च झळकत राहतात. ज्या यंत्रावर गेल्या 24 तासांत एकही यशस्वी चार्जिंग झालं नाही, उलट चार-पाच प्रयत्न दोन मिनिटांत तुटले, त्याला उपलब्ध म्हणू नका. ही नोंद तुमच्या सर्व्हरवर आहे. शेवटचं यशस्वी चार्जिंग किती वाजता झालं आणि जास्तीत जास्त किती किलोवॅट मिळाले, हे दोन आकडे अ‍ॅपवर टाका. हिरव्या ठिपक्याची गरज उरणार नाही.

लाल बटणाबद्दल एक शब्द. चार्जरवरचं आपत्कालीन बटण कुणीतरी गंमत म्हणून किंवा घाबरून दाबतं आणि ते आत अडकून राहतं. बऱ्याच यंत्रांवर बाणाच्या दिशेनं पाव वळण फिरवलं की बटण बाहेर येतं आणि मिनिटभरात यंत्र परत उभं राहतं. बटणाशेजारी हे चार शब्दांत लिहायला काय लागतं? त्याऐवजी मदतीच्या क्रमांकावर दूर बसलेला मुलगा आधी गाडीचं मॉडेल विचारतो, मग अ‍ॅप पुन्हा टाकायला सांगतो, मग यंत्र दुरून रिस्टार्ट करतो. बटण दाबलेलंच असतं. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

पाटीवरचे किलोवॅट आणि गाडीत जाणारे किलोवॅट यांचंही गणित सांगत चला. 50 किलोवॅटचा डीसी, म्हणजे थेट बॅटरीला वीज देणारा जलद चार्जर पुष्कळदा 125 अँपियरवर बांधलेला असतो. गाडीच्या पॅकचं व्होल्टेज त्या क्षणी 350 असेल तर 125 गुणिले 350, म्हणजे 43.75 किलोवॅट. यंत्र ठणठणीत, गाडीही ठणठणीत, तरी पाटी खोटी ठरते आणि जुन्या गाडीचा मालक बॅटरी गेली म्हणून धसका घेतो. तसंच 22 किलोवॅटच्या एसी खांबाचं. तो तीन फेजवर 32 अँपियर देतो. गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर एकाच फेजचा असेल तर 230 व्होल्टला 7.4 च्या वर काही मिळणार नाही. पाटीवर किलोवॅटसोबत अँपियर आणि फेज लिहा.

बिल मिनिटांवर लावू नका, युनिटवर लावा. थंड बॅटरी, जुनी बॅटरी, 50 किलोवॅटच्या वर न घेणारी गाडी या सगळ्या मिनिटांच्या बिलात मार खातात. नवी गाडी दहा मिनिटांत निघून जाते. चार्जिंग संपल्यावर गाडी अडवून ठेवली तर दंड जरूर लावा, त्याला आमची हरकत नाही. मोजणी मात्र गनच्या बाजूची हवी. तुमच्या यंत्रात उष्णता होऊन गेलेली वीज आमच्या माथी नको. आणि पैसे भरायला अ‍ॅप लागतंच कशाला? तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं, क्यूआर कोड उन्हानं पांढरा पडलेला असतो, आणि पाच कंपन्यांच्या पाच वॉलेटांत थोडी-थोडी रक्कम कायमची अडकलेली असते. युरोपीय संघात 13 एप्रिल 2024 पासून बसणाऱ्या 50 किलोवॅट आणि वरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर नोंदणीशिवाय बँकेच्या कार्डानं पैसे देता आले पाहिजेत असा नियमच आहे.

शाडेमो या जुन्या पद्धतीच्या जलद चार्जिंगच्या गनचा प्रश्न वेगळा मांडतो, कारण तिची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. नव्या गाड्या सीसीएसच्या किंवा इतर गनवर गेल्या, हे मान्य. पण लीफसारख्या जुन्या गाड्यांना जलद चार्जिंगचा दुसरा दरवाजाच नाही. दोन गनचं जुनं यंत्र काढून त्या जागी चार सीसीएस गनचं नवं बसवता, तेव्हा त्या परिसरातल्या अशा प्रत्येक गाडीचा पल्ला घरापासून अर्ध्या बॅटरीपुरता उरतो, कारण परत यायचं असतं. प्रत्येक केंद्रावर मागत नाही. महामार्गावरच्या केंद्रांवर एक गन चालू ठेवा, आणि काढणार असाल तर आधी पुरेशी मुदत देऊन जाहीर करा.

घरच्या चार्जिंगकडे येऊ. गाडीबरोबर पोर्टेबल चार्जर देताना 'कुठल्याही प्लगला लावा' असं सांगितलं जातं. हे वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडून कायमचं जायला हवं. पाणी तापवायची किटली पाच मिनिटं चालते, इस्त्री थांबत थांबत वीज घेते. गाडी मात्र 10 ते 13 अँपियर सलग दहा तास ओढते. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी तापून सैल पडते, पकड सुटली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी उष्णता. महिन्याभरानं प्लग काढून बघा : एका पिनेचं पितळ काळपट-निळसर झालेलं, तिच्या मुळाशी प्लास्टिक बसकं आणि सॉकेटच्या एकाच भोकाभोवती तपकिरी कड. वास माशासारखा येतो. एमसीबी यात पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असेल तर चार्जर स्वतःहून प्रवाह कमी करतो किंवा थांबतो. असा सेन्सर प्रत्येक पोर्टेबल चार्जरमध्ये हवा, फक्त महागड्या मॉडेलांत नको. कारखान्यातून निघताना प्रवाहही कमीत कमीवर लावलेला असावा, वाढवायचा तो ज्यानं त्यानं वायरमनला विचारून वाढवावा.

भिंतीवरचा चार्जर बसवणाऱ्यांच्या हाती तुम्ही जो कागद देता त्यात एक गोष्ट ठळक छापा. गाडीतून सूक्ष्म डीसी गळती झाली तर साधा एसी प्रकारचा आरसीडी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, आंधळा होतो आणि खऱ्या गळतीलाही पडत नाही. ए प्रकारचा आरसीडी आणि चार्जरमध्ये 6 मिलिअँपियर डीसी ओळखणारी सोय, नाही तर सरळ बी प्रकारचा आरसीडी हवा. आणि अर्थिंग. अर्थिंग नसेल तर गाडी-चार्जरच्या बऱ्याच जोड्या एसी चार्जिंग सुरूच करत नाहीत, पडद्यावर 'चार्जिंग दोष' येतो आणि माणूस गाडी वर्कशॉपला नेतो. गाडीत काही नसतं. 'अर्थिंग तपासा' एवढे दोन शब्द पडद्यावर आले असते तर फेरी वाचली असती.

दुरुस्तीत तर कहरच आहे. एक उदाहरण पुरे. साध्या मेकॅनिककडे एसीचा गॅस भरला आणि काही दिवसांनी गाडी सुरू होईना. कोड पी0एए6, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या बाजूचं इन्सुलेशन कमी. वर्कशॉपचा निवाडा : बॅटरी पॅक बदला. घडलेलं असू शकतं ते असं. विजेवरच्या गाडीच्या कॉम्प्रेसरची मोटर त्याच गॅसमध्ये आणि तेलात बुडून चालते आणि तिच्या वेटोळ्यांत बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज असतं. म्हणून तिला वीज अडवणारं पीओई तेल लागतं. पेट्रोल गाड्यांच्या एसीत पॅग तेल असतं, ते वीज तितकीशी अडवत नाही. गॅस भरायच्या यंत्राच्या नळीत मागच्या गाडीचं पॅग तेल उरलेलं असतं, ते थोडं इकडे शिरतं आणि इन्सुलेशन उतरतं. 400 व्होल्टच्या गाडीत व्होल्टमागे 500 ओहम हा निकष धरला तर 2 लाख ओहमच्या खाली गेलं की झालं. शोधायची रीत सरळ आहे : 12 व्होल्टची बॅटरी सोडायची, मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, पुस्तिकेत सांगितलेली मिनिटं थांबायचं, व्होल्टेज 60 च्या खाली आल्याची मीटरनं खात्री करायची, हातात 1000 व्होल्टचे मोजे, आणि मग कॉम्प्रेसर, हीटर, ऑन-बोर्ड चार्जर एकेक सोडवून प्रत्येक वेळी इन्सुलेशन मोजायचं. ज्याला सोडवल्यावर आकडा वर गेला तो गुन्हेगार. ही पायरी गाळून थेट पॅकवर बोट ठेवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पॅक खरोखर बिघडला तरी पॅक म्हणजे एकच वस्तू नव्हे. कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), प्री-चार्जचा रोध, फ्यूज, तापमानाचा सेन्सर, बीएमएसचा छोटा सर्किट बोर्ड, झाकणाचं सील हे भाग सुटे मिळाले पाहिजेत, आणि बसवल्यावर गाडीनं ते ओळखावेत म्हणून लागणारं कोडिंग बाहेरच्या प्रशिक्षित मेकॅनिकलाही करता आलं पाहिजे. एका चिकटलेल्या कॉन्टॅक्टरपायी अख्खा पॅक भंगारात काढायचा आणि वर पर्यावरणाच्या गोष्टी सांगायच्या, हे पटत नाही.

12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं तर कुणी नावही काढत नाही, आणि रस्त्यात बंद पडलेल्या विजेवरच्या गाड्यांमागे बरेचदा तीच असते. ती उतरली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर ओढले जात नाहीत, मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मढं. कधी दार उघडत नाही, कधी चार्जिंगची गन तोंडात अडकून बसते. गन सोडवायची हातानं ओढायची दोरी बऱ्याच गाड्यांत असते, कुणाच्या डिकीच्या अस्तरामागे, कुणाच्या बॉनेटखाली. ती कुठं आहे याचं चित्र चार्जिंगच्या झाकणाच्या आतच छापा. आणि या छोट्या बॅटरीचं व्होल्टेज पडद्यावर दाखवा. गाडी विश्रांतीत असताना शिसं-आम्लाची बॅटरी 12.4 च्या खाली रेंगाळू लागली की मालक सावध होईल.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनो, तुमच्याशी बोलणं थोडक्यात, पण स्पष्ट. आवारात उन्हात 100 टक्क्यांवर महिनोन्‌महिने उभी केलेली गाडी तुमच्या ताब्यात म्हातारी होते. 3 टक्क्यांवर विसरलेली गाडी त्याहून वाईट. 40 ते 60 टक्क्यांवर सावलीत ठेवा. विकताना तारखेसह एसओएचचा कागद द्या, लिफ्टवर चढवून पॅकच्या तळाचे फोटो द्या. दगडावर घासलेला तळ बाहेरून दिसत नाही. एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंग गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवा, एसी निदान अर्धा तास, कारण ऑन-बोर्ड चार्जरचा बिघाड पुष्कळदा तापल्यावरच बाहेर येतो. केबल मूळची द्या. एसी चार्जिंगच्या टाइप 2 केबलच्या आत रोध असतो, त्यावरून केबल किती प्रवाह झेलते ते ओळखलं जातं : 220 ओहम म्हणजे 32 अँपियर, 680 ओहम म्हणजे 20. कुणाची तरी 20 ची केबल डिकीत टाकून दिलीत की एका फेजवर गाडी कायम 4.6 किलोवॅटवर चार्ज होते आणि नव्या मालकाला वाटतं चार्जरच गेला.

गाडीच्या अ‍ॅपवरच्या खात्याचंही व्यवहारातच मिटवा. गाडी विकली तरी आधीच्या मालकाच्या फोनवर ती जिवंत राहते; ती कुठं उभी आहे ते त्याला दिसतं, काही गाड्यांत दारं उघडतात, एसी चालू करता येतो. गाडीतून फॅक्टरी रीसेट करून भागत नाही, कंपनीच्या सर्व्हरवरूनही जोडणी तुटावी लागते, आणि तिथं नव्या मालकाला पंधरा दिवस कागदपत्रं पाठवत बसावं लागतं. मालकी बदलल्याचा कागद दिला की दोन दिवसांत खातं बदललं पाहिजे. आधी पैसे भरून घेतलेल्या सुविधा गाडीबरोबर राहतील की माणसाबरोबर जातील, हे विक्रीआधी लेखी कळलं पाहिजे. रेनॉ झोईसारख्या गाड्या एके काळी भाड्याच्या बॅटरीसह विकल्या गेल्या. तिथं गाडी एकाची आणि बॅटरी भाडेकंपनीची. असा करार असेल तर तो जाहिरातीच्या पहिल्या ओळीत हवा.

एवढ्यावर आमच्या मागण्या. एसओएच टक्क्यांत, सेलचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज, बॅटरीचं रसायन आणि जलद चार्जिंगची संख्या गाडीच्या पडद्यावर दाखवा. ओबीडी पोर्टवरून वाचायला मोकळीक ठेवा, लिहायला कुलूप ठेवा. बॅटरीची वॉरंटी गाडीला द्या, मालकाला नको. मोजायची पद्धत छापा आणि तिऱ्हाइताचं माप मान्य करा. रिकॉलमध्ये नेमकं काय केलं ते चासी क्रमांकावर दिसू द्या. पॅकचे भाग सुटे विका. चार्जरचा खरा हाल अ‍ॅपवर दाखवा, युनिटवर बिल घ्या, कार्ड चालू द्या.

सुटे भाग आणि चार्जरच्या पाट्या यांना वेळ लागेल, ते आम्ही समजू शकतो. पडद्यावर एसओएच दाखवणाऱ्या त्या एका ओळीला मात्र वेळ लागायचं कारण नाही. कुलूप ज्या वाटेनं आलं, त्याच वाटेनं पुढच्या अपडेटमध्ये तीही पाठवा.

कळावे.

आपले,
विजेवरच्या जुन्या गाड्या चालवणारे, तपासणारे आणि दुरुस्त करणारे